तिसरी फेरी: अवघड व्यायाम अर्ध्यात न सोडता पुरा कसा करायचा

रविवारी सकाळी मैदानावर एक प्रकार हमखास बघायला मिळतो. नवीन मुलगा येतो, पहिल्या फेरीत सुसाट सुटतो, दुसरीत तोंड उघडं पडतं, तिसरीत तो बुटाची नाडी बांधायला खाली बसतो. नाडी सुटलेली नसते. दोन मिनिटांनी गाडीची किल्ली वाजते आणि "पुढच्या रविवारी बघू भो" म्हणत स्वारी घरी.

त्याला वाटतं दम कमी पडला. दम कमी पडला असेलही, पण त्या सकाळी त्यानं खरा सराव केला तो सोडून देण्याचा. असे चार रविवार गेले की सोडणं अंगवळणी पडतं. मन कणखर करायचं असेल तर व्यायाम किती भयंकर आहे याला फारसं महत्त्व नाही. आधी ठरवलेला आकडा, ठरवलेल्या दिवशी, पुरा झाला पाहिजे. सगळी तयारी त्यासाठीच.

मी ज्या व्यायामावर हे सांगतोय तो साधा आहे. एका फेरीत ८०० मीटर धावणं, ४० बैठका, २० जोर आणि वाळूची गोणी खांद्यावर घेऊन २०० मीटर चालणं. अशा ५ फेऱ्या. म्हणजे एकूण ४ किलोमीटर धाव, २०० बैठका, १०० जोर आणि १ किलोमीटर ओझं. तयारी असलेल्याला ५० ते ६५ मिनिटं लागतात. वाचताना सोपं वाटतं, तिसऱ्या फेरीत वाटत नाही.

कोणी करू नये

हृदयाचा त्रास, ताब्यात नसलेलं बीपी किंवा साखर, गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं, गरोदरपण, नुकताच होऊन गेलेला डेंग्यू-मलेरिया किंवा साधा तापही, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल आणि दहा वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत गेली असतील तर तपासणी करूनच सुरुवात करा.

१. आकडा ठरवा, आणि तो कमी ठरवा

सर्वांत जास्त चूक इथेच होते. लोक स्वतःला जेवढं जमावंसं वाटतं तेवढा आकडा धरतात.

एखाद्या दिवशी आरामात दोन फेऱ्या करा आणि घड्याळ लावा. २६ मिनिटांच्या आत झाल्या आणि शेवटी पूर्ण वाक्य बोलता आलं, तर पाच फेऱ्यांचं ध्येय ठीक आहे. नाही जमलं तर तीन फेऱ्या धरा, किंवा फेऱ्या पाचच ठेवून आतलं निम्मं करा: ४०० मीटर, २० बैठका, १० जोर, १०० मीटर ओझं. यात कमीपणा नाही. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की "मला जमतं" हा विश्वास सर्वांत घट्ट बसतो तो स्वतः काम पार पाडल्यावर. दुसऱ्याचं बघून किंवा कुणी पाठ थोपटून तो तितका बसत नाही. पार पाडण्याजोगं काम हातात घेणं ही पहिली पायरी त्यासाठीच.

गोणीचं वजन आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं. साठ किलोच्या माणसाला १५, ऐंशीच्या माणसाला २०. जोर जमत नसतील तर गुडघे टेकवून मारा, पण मग पाचही फेऱ्यांत तसेच मारा. मध्येच पद्धत बदलली की मनाला फट सापडते.

तपासा: आकडा सांगितल्यावर "एवढंच?" असं आतून येतंय का? येत असेल तर आकडा बरोबर आहे.

२. चार आठवडे अंग तयार करा

पहिला आठवडा: दोन दिवस, प्रत्येकी २ फेऱ्या, निम्म्या बैठकांनी. दुसरा: दोन दिवस, २ पूर्ण फेऱ्या. तिसरा: एक दिवस ३ फेऱ्या, एक दिवस ४. चौथा: सोमवारी किंवा मंगळवारी २ हलक्या फेऱ्या, मग रविवारपर्यंत फक्त चालणं. पहिल्या तीन आठवड्यांत, उरलेल्या दिवसांत, आठवड्यातून दोनदा अर्धा तास सावकाश धावा, गप्पा मारता येतील इतकं सावकाश.

हे टाळून थेट २०० बैठका काढणारे दरवर्षी भेटतात. दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येत नाही आणि संडासात बसता येत नाही. लोक हसतात, पण ही नुसती गंमत नाही. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम एवढा भार पडला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

सावध: कुठल्याही कडक व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून टणक झाल्या किंवा पायातलं बळच गेलं, तर "मुरगळलं असेल" म्हणत तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी स्वतःच्या मनानं पेनकिलर घेणं मूत्रपिंडाला आणखी महागात पडतं.

३. दिवस, वेळ, जागा

आपल्या खान्देशात हा मुद्दा शेवटी टाकून चालत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात सकाळी नऊला असा व्यायाम करणं म्हणजे उष्माघाताला आवतण. या व्यायामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात धुळ्या-नंदुरबारकडे पहाटे चांगलाच कडाका असतो, तेव्हा साडेसातला सुरू केलं तरी चालतं. मार्चपासून पुढे करायचंच असेल तर उजाडायच्या आधी सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा आणि दोन फेऱ्या कमी करा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पोरांनी हे विसरू नये, ते एसीतून उतरून थेट मैदानात येतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान टाळा. बुटाला दोन-दोन किलोचा चिखल चिकटतो आणि ओझं घेऊन पाय घसरला की गुडघा गेला. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आठवड्यात तर तारीखच धरू नका. सणाचे रोट खाऊन जोर मारायचा प्रयत्न मी एकदा केलाय, पुन्हा नाही.

जागा सपाट आणि ओळखीची हवी. शाळा-कॉलेजचं ४०० मीटरचं मैदान सर्वांत बरं, दोन चकरांत ८०० मीटर. जळगावकरांना मेहरूण तलावाकाठचा रस्ता आहे, पण तिथे ओळखीचे इतके भेटतात की थांबायला निमित्त शोधावं लागत नाही. धुळ्याची मंडळी लळिंग किल्ल्याच्या चढाची गोष्ट काढतात. चढ छान आहे, पण पहिल्या वेळी नको. किल्ल्यावर फेऱ्या मोजणं अवघड आणि उतरताना ओझं धोक्याचं.

४. सामान

खताची रिकामी गोणी घ्या, एकात एक अशा दोन. वाळू भरताना अंदाजावर जाऊ नका. दहा लिटरच्या रंगाच्या डब्यात काठोकाठ वाळू भरली तर ती साधारण १५-१६ किलो भरते, आणि लोक "दोन डबे टाक" म्हणत तीस किलो करून ठेवतात. कापूस मोजायचा काटा असेल तर त्यावर मोजा, नाहीतर किराणावाल्याला विनवा. आतल्या गोणीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधा, मग ती उलटी करून बाहेरच्या गोणीत घाला आणि तिचंही तोंड बांधा. वाळू घामाळलेल्या मानेवर गळू लागली की त्वचा सोलवटते.

पाच खडे घ्या आणि ओट्यावर किंवा कठड्यावर ओळीत मांडा. एक फेरी झाली की एक खडा दुसरीकडे. हसू नका, तिसऱ्या फेरीनंतर भल्याभल्यांचा हिशेब चुकतो, आणि चुकतो तो नेहमी आपल्याच सोयीनं.

बुटाची नाडी दुहेरी गाठीची. गाडी मैदानाच्या फाटकाबाहेर लावा, किल्ली सोबत्याकडे द्या. समोर गाडी उभी असली की तिसऱ्या फेरीत नजर सारखी तिच्याकडे जाते.

सोबती हवाच, एकट्यानं हा व्यायाम करू नका. मात्र सोबती शर्यत लावणारा नको आणि कीव करणाराही नको. "कसाले मरी ऱ्हायना रे भो?" असं दर फेरीला विचारणारा मित्र जिवाभावाचा असतो, त्या दिवशी त्याला घरी राहू द्या.

५. आदली संध्याकाळ

शनिवारी रात्री शेवभाजी आणि तर्री नको. तिखट फौजदारी डाळही नको. साधी खिचडी किंवा वरण-भात, नाहीतर दादर ज्वारीची भाकरी आणि बेताची भाजी. आठच्या आत जेवण.

डोकंही शांत लागतं, हे फार कमी जण जपतात. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आधी ९० मिनिटं डोकं थकवणारं काम दिलं ते सायकलवर लवकर हरले, आणि त्यांच्या हृदयाच्या-फुफ्फुसांच्या मापात असं काही सापडलं नाही की त्यामुळे ते लवकर थांबले असं म्हणता येईल. तेच कष्ट त्यांना जास्त वाटले, एवढंच. तेव्हा सकाळी उठून मोबाईलवर भावकीच्या ग्रुपमधलं भांडण वाचत बसू नका.

आता मुख्य काम. एक कोरा कागद घ्या आणि स्वतःच्या हातानं तीन गोष्टी लिहा.

पहिली, कधी थांबायचंच. छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताना अडखळणं किंवा गोंधळ, उन्हात असूनही अंगावर शहारे, सांध्यात सुरी मारल्यासारखी कळ. यातलं एक जरी झालं तरी व्यायाम संपला, चर्चा नाही. असं थांबणं हार नव्हे, कारण ते आधीच लिहिलेलं आहे.

दुसरी, कशासाठी थांबायचं नाही. मांड्यांची जळजळ, धाप, कंटाळा, मागच्या वेळेपेक्षा उशीर, कुणीतरी बघतंय, सोबती पुढे गेला. आपली नेहमीची निमित्तं यात घाला. माझं निमित्त फोन असतं: "घरून फोन आला असेल." म्हणून माझ्या कागदावर "फोन" हा शब्द ठळक आहे.

तिसरी, जर-तर. पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "जर अमुक झालं, तर मी तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त पार पडतं. वेळ येते तेव्हा विचार करावा लागत नाही. उदाहरणं:

जर चालावंसं वाटलं, तर पुढच्या खांबापर्यंत धावेन आणि मग ठरवेन.
जर जोर मारताना हात थांबले, तर गुडघे न टेकवता वरच्या स्थितीत पाच श्वास घेईन आणि पुढचा एकच मारेन.
जर "आज एवढंच पुरे" असं मनात आलं, तर खडा हलवून गोणी उचलेन.

तपासा: तिन्ही यादी मिळून एका पानात बसल्या पाहिजेत. दोन पानं झाली तर तुम्ही डायरी लिहीत आहात.

६. सकाळ आणि पहिली फेरी

उठल्यावर दोन पेले पाणी. सुरू करायच्या पाऊण तास आधी दोन केळी, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. चहा घ्यायचा तर अर्धा कप. मग दहा मिनिटं अंग मोकळं करा: सावकाश चकरा, खांदे-कंबर फिरवणं, दहा-पंधरा सुट्या बैठका.

पहिल्या फेरीला एकच नियम: लाज वाटेल इतकी हळू. ताजं अंग, थंड हवा आणि शेजारी पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करताहेत. तुमचे पाय आपोआप त्यांच्या मागे लागतील. लागू देऊ नका. त्यांची परीक्षा चार चकरांत संपते, तुमची तेव्हा निम्मीही झालेली नसते. धावताना सोबत्याशी अख्खं वाक्य बोलून बघा. तुटक शब्द निघत असतील तर वेग कमी करा.

७. दुसरी फेरी

हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहिलीसारखीच करा, दोन घोट पाणी, खडा हलवा.

८. तिसरी फेरी

इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळं इथेच घडतं.

तिसऱ्या फेरीत सुरुवातीची हौस संपलेली असते आणि शेवट अजून दिसत नाही. अंगात शक्ती बऱ्यापैकी शिल्लक असते, तरी मन वकिली सुरू करतं, आणि वकील हुशार असतो. तो कधीच "सोड" म्हणत नाही. तो म्हणतो, नाडी बघ. गुडघा जरा दुखतोय, उगाच जास्त नको. तीन झाल्या तरी काय कमी आहे? उद्या कामावर जायचंय. प्रत्येक मुद्दा रास्त वाटतो. त्याच्याशी वाद घातला की तो जिंकतो, कारण तुम्ही धापा टाकताय आणि तो ताजा आहे.

म्हणून निकाल आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवलेला असतो. तिसऱ्या फेरीत फक्त एक प्रश्न विचारायचा: हे पहिल्या यादीतलं आहे की दुसऱ्या? गुडघ्यात कळ असेल तर पहिली यादी, थांबा. मांडी जळत असेल तर दुसरी, चालू ठेवा. कळत नसेल तर दहा पावलं चाला. सांध्यातली खरी कळ तशीच राहते किंवा वाढते, जळजळ निवते. तरीही खात्री नसेल तर पहिली यादी समजा.

मोजणी बदला. चाळीस बैठका "एक, दोन, तीन" अशा मोजू नका. दहाचे चार गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात उलटं मोजा: दहा, नऊ, आठ. जोर पाच-पाचचे चार. गोणी घेऊन चालताना नजर सात-आठ पावलांवर, शेवटच्या टोकाकडे नाही. स्वतःशी बोलायचं तर नाव घेऊन, घरचे हाक मारतात तसं. "चाल बापू, त्या लिंबापर्यंत." असं नावानं बोललं की धापा टाकणाऱ्याला कुणी वडीलधारं बाजूला उभं राहून सांगतंय असं वाटतं, आणि त्याचं आपण ऐकतो.

बैठक अर्धी होऊ लागली का बघा. मांडी जमिनीला समांतर जाते का? नेमकी तिसऱ्या फेरीत खोली कमी होते आणि आकडा मात्र पुरा होतो. अर्ध्या बैठका मोजू नका. सोबत्याला तेवढंच काम द्या: अर्धी झाली की "नाही" म्हणायचं, बाकी गप्प.

सावध: या फेरीत बसू नका. चाला, उभे राहा, गुडघ्यांवर हात ठेवून वाका. टेकलात की उठण्याचा निर्णय नव्यानं घ्यावा लागतो.

९. चौथी आणि पाचवी

चौथी कंटाळवाणी असते, पण वकील बहुतेक थकलेला असतो. पाणी घोट-घोट प्या. एकदम लिटरभर साधं पाणी ढोसू नका, मळमळ होते, आणि फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं.

पाचवीतली नेहमीची चूक म्हणजे सुसाट सुटणं. शेवट दिसला की माणूस पळतो आणि गोणीच्या वेळी पाय मुडपतो. गोणी टाकेपर्यंत वेग तोच. शेवटचे पाच जोर सर्वांत स्वच्छ मारा, छाती खाली, कोपर पूर्ण सरळ. शेवटचा खडा स्वतःच्या हातानं हलवा. सोबती हलवायला येतो, त्याला देऊ नका.

१०. संपल्यावर पहिला तास

लगेच आडवे होऊ नका, पाच-सात मिनिटं चाला. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. लिटरभराचं पाकीट एका पेल्यात घोळून पिणारे खूप आहेत, त्यानं तहान आणि मळमळ वाढते. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाभरात जेवण: भाकरी, वरण, दही, अंडी, घरात असेल ते.

सावध: कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

११. नोंद, त्याच दिवशी

कागद उलटा करा आणि मागे चार ओळी लिहा: वेळ किती लागला, मन कुठे डगमगलं, वकील काय म्हणाला, कुठल्या जर-तरनं काम केलं. वकिलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा. दोन-तीन वेळा लिहिलं की लक्षात येतं, तो दर वेळी तेच बोलतो. माझ्या तीन कागदांवर "फोन आला असेल" आहे. एकदाही आला नव्हता.

१२. अर्ध्यात सुटलं तर

पहिल्या यादीमुळे थांबलात तर विषय संपला. बरे व्हा, मग बघू. दुसऱ्या यादीमुळे थांबलात तर दोन कामं. एक, तिथल्या तिथे एक छोटी गोष्ट पुरी करा: दहा बैठका, किंवा चालत एक चकर. मैदानातून निघताना हातात काहीतरी पुरं झालेलं असावं. दोन, पुढचा आकडा वाढवायचा नाही, एक फेरी कमी करायची. लोक चिडून उलटं करतात, "आता सहा मारून दाखवतो", आणि पुन्हा तिसऱ्या फेरीत नाडी बांधतात.

१३. पुढे किती वेळा, आणि कशासाठी

असा दिवस तीन आठवड्यांतून एकदा पुरे. दर रविवारी केलात तर सांधे कुरकुरतात आणि त्या दिवसाची धास्तीही राहत नाही. धास्ती थोडी हवी. फेऱ्या पाचच ठेवून आधी जोर नीट करा, मग वेळ, वजन सर्वांत शेवटी आणि दोन-दोन किलोनं.

मैदानावर आलेला कणखरपणा अभ्यासात किंवा कामात आपोआप उतरत नाही. तिथे तोच कागद पुन्हा लिहावा लागतो. भरतीच्या लेखी परीक्षेला बसणाऱ्या एका मुलानं अभ्यासाच्या टेबलावर तीन याद्या चिकटवल्या होत्या. दुसऱ्या यादीत पहिलाच शब्द होता "चहा". रात्री दहाला चहा प्यायला चौकात गेला की बारा वाजायचे. जर-तरमध्ये त्यानं लिहिलं: जर चहाची आठवण झाली, तर आधी हा धडा संपवेन आणि घरीच करेन. खडेही मांडले होते, एका धड्याला एक.